थांबण्याची ऐपत

कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या संगमावर वसलेल्या हरिपुरास भाविक जातो तो संगमेश्वराच्या दर्शनासाठी. परंतु सांगलीच्या व्यापाराचे मर्म ज्यास समजून घ्यावयाचे असेल त्याने त्या गावच्या जमिनीकडे आधी पाहावे हे बरे, कारण एके काळी या जमिनीच्या पोटात शेकडो पेवे हळदीने भरलेली असत. पेवाचे तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढे अरुंद, आत ते मडक्यासारखे फुगत गेलेले, आणि खोली वीस-पंचवीस फुटांची. येथली माती घट्ट व चिवट. ती ढासळत नाही आणि पाणीही सहजी झिरपू देत नाही, त्यामुळे विटा-दगडांच्या बांधकामाचा खर्च पेवास लागत नसे. तळाशी आणि कडेने पाल्याचा वा गवताचा थर द्यावा, हळद ओतावी, तोंड झाकून वरून माती लिंपावी, की काम झाले. आतील प्राणवायू लवकरच संपून जाई, किडीस जगणे अशक्य होई, आणि हळकुंड रंगाने वा वासाने फारसे न ढळता तीन-तीन, चार-चार वर्षे पडून राही. पेव उघडल्यावर मात्र कोंडलेला वायू निघून जाईपर्यंत आत उतरावयाचे नाही, असा कडक दंडक असे. तो मोडणारा वर येईलच याची शाश्वती कोणी देत नसे.

या पेवांचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते रास्तही आहे. सिमेंट नाही, वीज नाही, औषधफवारणी नाही, आणि तरीही वर्षानुवर्षे टिकणारे कोठार ज्यांनी निर्माण केले त्यांच्या व्यवहारज्ञानास दाद द्यावीच लागेल. परंतु माझ्या मते पेवाचे खरे महत्त्व मातीच्या गुणांपेक्षा त्याच्या मालकीत आहे. पेवात भरलेल्या मालाची चिठ्ठी होई, आणि पेव न उघडताच तो माल एका व्यापाऱ्याच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर चढे. हळद जागची हलत नसे, फिरत असे ती चिठ्ठी. तिच्या आधारे रक्कम उभी राही, भावाची वाट पाहिली जाई, आणि शेजारच्या सांगलीत हळदीचे वायदेही रंगत. गोदामाच्या पावतीस हस्तांतरणीय दस्तऐवजाचा दर्जा देणारा कायदा आपल्या देशात २००७ साली झाला. हरिपुरात ती गोष्ट केवळ पेठेतल्या पतीवर त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आली होती. मात्र त्या चिठ्ठीवर ज्याने हळद पिकविली त्याचे नाव क्वचितच असे. थांबण्याचे साधन अत्यंत स्वस्त होते, हाताशी होते, गावातल्याच मातीचे होते. आणि तरीही थांबण्याची ऐपत पेठेकडे राहिली, शेताकडे आली नाही. आपल्या ग्रामीण व्यापाराविषयी जी चर्चा होते तिच्यात भाव, वजन आणि दलाली यांचा ऊहापोह भरपूर असतो. काळ कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न मात्र बहुधा राहून जातो.

हळद हे सबुरीचे पीक. अक्षय्यतृतीयेच्या आगेमागे गड्डे जमिनीत गेले की ते पौष-माघापर्यंत तेथेच. आठ-नऊ महिने रान अडकून पडते. खते, पाणी, भांगलण, भर लावणे हे सारे झाल्यावर काढणी. नंतर काहिलीत शिजविणे, पंधरवडाभर उन्हात वाळविणे, आणि ढोलात घालून घासून चकाकी आणणे. ओल्या हळदीच्या साधारण पाचवा हिस्सा वाळून हाती येतो. एवढा खटाटोप झाल्यावर शेतकऱ्याजवळ जी वस्तू तयार होते ती कांद्या-टोमॅटोसारखी नासणारी नाही. ती वर्षभर थांबू शकते, किंबहुना थांबण्यासाठीच जणू तिची निर्मिती आहे. थांबू शकत नाही तो तिचा धनी. नऊ महिन्यांचा खर्च त्याने कोठून तरी उभा केलेला असतो, आणि फाल्गुनात तो ‘कोठून तरी’ दारात उभा असतो.

एखादी जुनी हिशेबपट्टी हातात घेऊन पाहावी. माथ्यावर श्रीकार, त्याखाली अडत दुकानाचे नाव, मग पोत्यांची संख्या, वजन, भाव आणि एकूण रक्कम. येथपर्यंत वाचणाऱ्याचा चेहरा खुललेला असतो. त्याखाली वजावट सुरू होते: हमाली, तोलाई, वाराई, अडत, आणि फार जुनी पट्टी असेल तर कडता, नमुना, धर्मादाय अशी आणखी काही कलमे, ज्यांत शेतकऱ्याच्या मालातून व्यापाऱ्याचे पुण्य परस्पर साधले जाई. या कलमांवर सुधारकांनी योग्य तो रोष व्यक्त केला आणि त्यांतली बरीचशी कायद्याने गेली. पण पट्टीतील सर्वांत बोलकी ओळ याही खाली असते. तेथे ‘उचल’ असे लिहून पुढे तारीख आणि व्याज टाकलेले असते. ती तारीख बहुधा श्रावण-भाद्रपदातली निघते. म्हणजे भाव फाल्गुनात ठरला असे पट्टी सांगत असली तरी माल कोणाच्या दुकानी जावयाचा, केव्हा जावयाचा आणि कोणाच्या तोंडून निघालेला भाव मान्य करावयाचा, हे सारे भाद्रपदातच ठरून चुकलेले असते. अडला हरी गाढवाचे पाय धरी असे म्हणतात. येथे हरी अडला होता सहा महिन्यांपूर्वी, पाय धरण्याचा विधी तेवढा आता होत असतो.

आता बाजार-सुधारणेच्या इतिहासाकडे वळू. पूर्वी पुष्कळ पेठांत सौदा हत्ता पद्धतीने होई. खरेदीदार व अडत्या एकमेकांचे हात रुमालाखाली धरीत. किती बोटे दाबली यावरून भाव समजावयाचा, आणि तो शेकड्यात की हजारात हे दोघांनी आधीच जाणलेले असावयाचे. चेहरा निर्विकार ठेवणे हा या कलेतला पहिला धडा होता. ज्याचा माल विकला जात आहे तो शेतकरी दोन हातांवर असे, रुमालाची हालचाल त्यास दिसे, आणि भाव मात्र त्यास सर्वांत शेवटी कळे. जनावरांच्या बाजारात हेडे लोकांनी ही बोटांची भाषा अद्याप सोडलेली नाही. या अंधारावर सरकारची पहिली नजर गेली ती वऱ्हाडात, कापसाच्या निमित्ताने. हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमान्वये १८८६ साली कारंजा येथे नियंत्रित बाजार स्थापन झाला, आणि १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा आला. मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस रास्त दरात हवा होता, हे त्या कळकळीचे एक कारण होते हे विसरू नये. मुंबई इलाख्यात १९२७ साली कापसासाठी व १९३९ साली सर्व शेतमालासाठी कायदे झाले, आणि महाराष्ट्र राज्याने १९६३ साली आजचा बाजार समिती कायदा केला. या कायद्यांनी रुमाल काढला, उघड लिलाव आणला, काटा तपासला आणि कडत्याची कलमे खोडली. हे उपकार थोडे नव्हेत. आज बाजार समित्यांवर तोंडसुख घेणाऱ्यांनी रुमालाखालचा भाव एकदा आठवून पाहावा. तथापि लिलाव कितीही उघड झाला तरी जो आज विकल्याशिवाय घरी जाऊ शकत नाही त्याच्या दृष्टीने तो निम्माच लिलाव असतो. घेणाऱ्यास नको म्हणता येते, देणाऱ्यास नाही. कायद्याने तोलाचा न्याय दिला, वेळेचा दिला नाही.

असे का व्हावे, याचे उत्तर कर्जाच्या इतिहासात आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली आणि खतेपत्रे, वह्या यांची होळी केली. त्यानंतर चौकशी आयोग बसला, १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला, आणि दिवाणी अदालतींस कर्जाचा पूर्वेतिहास उकरून पाहण्याचा अधिकार मिळाला. पुढे सहकाराचे युग आले. पण १९५४ साली गोरवाला समितीने, जिच्यात धनंजयराव गाडगीळांसारखे अर्थशास्त्रज्ञ होते, ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी प्रसिद्ध केली तेव्हा असे दिसून आले की शेतकऱ्याच्या शंभर रुपये कर्जापैकी सहकारी संस्थांकडून येतात ते तीन रुपये आणि वर काही आणे. सरकारचेही प्रमाण जवळपास तेवढेच. बाकी बहुतेक सारे सावकार, व्यापारी आणि सोयरे यांच्याकडून. याच समितीने कर्ज, विक्री आणि साठवण यांची सांगड घालावी असे सुचविले, आणि त्यातूनच १९५६ चा गोदामविषयक कायदा व पुढे गोदाम महामंडळे जन्मास आली. निदान अचूक होते. औषध मात्र रोग्याच्या उशाशी पोचले नाही. गोदामे उभी राहिली आणि त्यांत मोठ्या प्रमाणात पुन्हा व्यापाऱ्याचाच माल जाऊन बसला.

येथे अडत्याविषयी दोन शब्द न्यायाचे लिहिले पाहिजेत, कारण त्याला खलनायक ठरवून लेख संपविणे फार सोपे आहे. सांगलीच्या गणपती पेठेतील जुन्या दुकानाच्या गादीवर बसणारा माणूस कोणत्या गावच्या कोणत्या रानात काय उभे आहे, घरात लग्नाची मुलगी किती वर्षांची आहे, मागल्या साली विहिरीस पाणी किती होते, हे तोंडपाठ सांगू शके. रात्री-अपरात्री दवाखान्यासाठी पैसे लागले तर तो सात-बारा मागत नसे. हंगामात माल घेऊन आलेल्यास त्याच्या दुकानी उतरावयास जागा मिळे, जेवणाची सोय होई. त्याचे व्याज भारी होते, आणि त्या व्याजात या तत्परतेचे मोलही होते. त्याने जे विकले ते खरे म्हणजे वेळेवर आलेले पैसे. आणि त्या मालास गावात दुसरा विक्रेता नव्हता.

२००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी हरिपुराच्या पेवांत शिरले आणि पिढ्यान्‌पिढ्या कोरडी राहिलेली ती कोठारे हळदीसह बुडाली. त्यानंतर पेवांकडे व्यापाऱ्यांचा विश्वास पुरता परतला नाही. माल शीतगृहांत आणि गोदामांत जाऊ लागला. हळदीचा मुलूखही सरकला. सांगलीच्या बाजारात विकली जाणारी हळद आज केवळ वाळवा-मिरजेची नसते; हिंगोली-नांदेडकडची असते, कर्नाटकातली असते, आणि वसमत-हिंगोलीचे बाजार आता स्वतःच नावारूपास आले आहेत. २०१८ साली सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा पेठेत आनंद झाला आणि वर्तमानपत्रांनी पानेच्या पाने पिवळी केली. परंतु अर्ध्या हळकुंडाने पिवळे होण्याची आपली जुनी खोड येथेही दिसली, कारण मानांकनाने नावास किंमत येते, हंगामात थांबण्याचे बळ येत नाही. पेव गेले, शीतगृह आले, मातीच्या जागी यंत्र आले. पावती ज्याच्या नावे होत असे त्याच्याच नावे बहुतांशी होत राहिली.

राज्याच्या कृषी पणन मंडळाने १९९०-९१ पासून शेतमाल तारण कर्जाची योजना चालविली आहे आणि तिच्यात हळदीचाही समावेश आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवावा, त्याच्या किमतीच्या पाऊण हिश्श्यापर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी घ्यावी, आणि भाव आला की विकून फेडावी. कागदावर याहून नेमका उपाय सुचणे कठीण. मग तरीही शेतकरी अडत्याच्या दुकानाकडेच का वळतो? एक तर त्याची उचल आधीच झालेली असते. तारणाचे पैसे माल तयार झाल्यावर मिळतात, आणि गरज माल जमिनीत असताना असते. दुसरे, वीस-तीस गुंठ्यांच्या धन्यास चार पोत्यांसाठी तालुक्याच्या ठिकाणी भाडे भरून जाणे, नमुना दाखविणे आणि कागदांवर सह्या करणे जिवावर येते. म्हणून माझे म्हणणे असे की तारणाची व्यवस्था गावच्या विविध कार्यकारी सोसायटीपर्यंत खाली आली पाहिजे आणि पीककर्जाशी ती जोडली गेली पाहिजे, म्हणजे भाद्रपदातील उचल व फाल्गुनातील तारण हे एकाच खात्याचे दोन टप्पे होतील. सोसायटीचा सचिवही माणसास ओळखतो, त्याचे रान त्यास ठाऊक असते. त्याच्या ओळखीत गावच्या गटातटांचा विचार मिसळतो, ही शंका मी नाकारीत नाही; अडत्या निदान मतदान कोणास केले हे विचारीत नसे.

याहून गंभीर आक्षेप निराळाच आहे. थांबणे म्हणजे जोखीम. २०१० च्या सुमारास हळदीचे भाव अपूर्व चढले, जो तो हळद लावू लागला, आणि पुढल्या दोन वर्षांत भाव असे कोसळले की आशेने माल धरून बसलेल्यांचे कंबरडे मोडले. व्यापारी थांबतो तेव्हा त्याची जोखीम अनेक गावांच्या, अनेक हंगामांच्या मालावर विभागलेली असते. एका साली बसलेला मार तो दुसऱ्या साली भरून काढतो. चार पोत्यांच्या धन्यास दुसरे साल नसते. तारणाच्या वेळी राखलेला पाव हिस्सा अशा पडझडीत पुरणारा नव्हे, आणि संस्थेने बुडीत रकमेसाठी त्याच्या दारात जप्ती नेली तर त्यास पुन्हा उचलीच्या वहीकडे लोटल्यासारखे होईल. शेतकऱ्यास थांबावयास सांगावयाचे असेल तर घसरणीचा काही भार दुसऱ्या कोणी उचलला पाहिजे. बाजार समित्या प्रत्येक पोत्यामागे फी घेतात, आणि तिच्यातून आजवर प्रामुख्याने गाळे, रस्ते, कमानी आणि कार्यालये बांधली गेली. त्या फीचा एक ठराविक हिस्सा तारण मालाच्या घसरणीसाठी गंगाजळी म्हणून बाजूस काढावा, आणि नियमांत त्यास आडकाठी असेल तर पुढल्या हंगामाची काढणी सुरू होण्यापूर्वी ती दूर करून घ्यावी.