मुदत आणि इन्साफ

शिक्षेला मुदत असते, हे आपल्याला पटते. पण इन्साफ मागण्यालाही मुदत असावी काय?

१९६३च्या मुदत कायद्याप्रमाणे उच्च न्यायालयात फाशीविरुद्धच्या अपिलाला ३० दिवस मिळतात, इतर शिक्षेविरुद्ध ६०. यामागे विचार आहे. खटला कधीतरी संपला पाहिजे. ज्यांचे माणूस मारले गेले, त्या घरालाही शेवट हवा असतो. शिवाय निकालाची नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस कायदा वगळतो आणि सबळ कारण दाखवले तर उशीर माफही करतो.

मात्र कारण दाखवायलाही वकील लागतो. कैद्याला निकालाची प्रत वेळेत व मोफत मिळणे, गरिबाला अपिलासाठी सरकारी खर्चाने वकील मिळणे हा त्याचा हक्कच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली हॉसकॉट खटल्यात सांगितले. तरीही २००८च्या राष्ट्रीय तपास संस्था कायद्यात ९० दिवसांनंतर अपील घेऊच नये, असे लिहिले गेले. ही अट बंधनकारक मानता येणार नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली दिला.

आपल्यालाही हेच योग्य वाटते. तारीख उलटली म्हणून निरपराध माणूस अपराधी ठरत नाही. फीसाठी दागिने मोडणाऱ्या आईचा उशीर म्हणजे आळस नव्हे.

आणि दोष कायद्याचाच नाही. एखाद्याला शिक्षा झाली की मोहल्ला त्या घराकडे जाणे सोडतो. मुदतीचे निम्मे दिवस तिथेच सरतात. नक्कल कुठे मागायची, एवढे सांगायला तरी आपण जायला हवे.