दहा कार्डं

मंगळवेढा तालुक्याच्या दक्षिण अंगाला शाळेची दोन सत्रं कधी सारखी नसतात. जूनमध्ये हजेरीपट भरलेला असतो. दिवाळीत मात्र फटाक्यांपेक्षा ट्रकांचे हॉर्न जास्त ऐकू येतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, घरात खर्चूनही झालेली असते, त्यामुळं जायचं की नाही हा विचार करायला जागाच नसते. वस्तीवर म्हातारी माणसं, कोंबड्या आणि कुलपं राहतात. होळी-पाडव्याच्या आगंमागं माणसं परत येतात. मधल्या पाच महिन्यांत पोरगं शाळेचं की उसाच्या फडाचं, हा प्रश्न मला जन्मभर पुरला. आधी विद्यार्थी म्हणून, मग मास्तर म्हणून.

1986 साली मी चौथीत होतो. आई-आण्णांचा एक कोयता. आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे हिशेबात बाई वेगळी मोजतच नाहीत. धाकटी बहीण तेव्हा दोन वर्षांची. तिला सांभाळायला मी पाहिजे होतो. चौथीच्या स्कॉलरशिपला गुरुजींनी मला बसवायचं ठरवलं होतं, पण ती परीक्षा हंगामातच यायची. गुरुजी दोनदा घरी येऊन गेले. आण्णा त्यांना म्हणाले, "गुरुजी, पोराला ठिवून जातो, पण पोरीला कोण बघणार?" याला गुरुजींकडं उत्तर नव्हतं. कुणाकडंच नव्हतं.

ट्रक निघायच्या आदल्या दिवशी गुरुजींनी मला शाळेत बोलावून दहा पोस्टकार्डं दिली. तेव्हा कार्ड पंधरा पैशांना मिळायचं. दहाही कार्डांवर स्वतःच्या अक्षरात स्वतःचं नाव आणि शाळेचा पत्ता लिहिलेला. म्हणाले, "पंधरा दिवसाला एक टाकायचं. काय पण लिही. ऊस किती टन गेला ते लिही, जेवलास काय ते लिही. पण लिही."

आमची टोळी ट्रकवरची. एका गावाचा फड संपला की तळ उचलून पुढच्या गावाला. त्यामुळं गुरुजींनी उलट कार्ड टाकायचं म्हटलं तरी पत्ता कुठला घालणार? बोलायचं ते मीच, आणि एकाच बाजूनं. पहिली चार कार्डं मी इमानानं टाकली. एकात बैलगाडीवाल्यांच्या पोरांशी झालेलं भांडण होतं, एकात मोळीचं वजन. आई फळीवरून डोक्यावर मोळी घेऊन ट्रकमध्ये चढते, ती फळी किती हलते, हे मी एकदा लिहिलं होतं. ते लिहिताना पहिल्यांदा मला भीती वाटली. रोज बघत होतो तेव्हा वाटली नव्हती.

मग आजी आजारी असल्याचा निरोप आला. गावाकडून कुणीतरी मुकादमाकडं सांगितलं होतं. आण्णा म्हणाले, "तुझ्याकडं कार्डं हायती न्हवं? म्हातारीला लिही." मी गुरुजींच्या नावावर काट मारली, शाळा खोडली आणि आजीचं नाव घातलं. अशी चार कार्डं गेली. उरलेली दोन आईनं एका पहाटे चूल पेटवायला घेतली. दवानं पाचट ओलं झालं होतं, धुरानं सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते. मी काही बोललो नाही.

पाडव्याला परत आलो आणि आठ दिवस शाळेकडं फिरकलो नाही. खरं सांगायचं तर अभ्यास बुडाला, परीक्षा हुकली याची लाज नव्हती. ते सगळ्यांचंच होतं. मला सहा कार्डांचा हिशेब द्यायचा होता. ज्या दोऱ्यानं मला शाळेशी बांधून ठेवायचं, त्याच दोऱ्यानं शाळेची वाट अडवली होती. कार्डं दिलीच नसती, तर पहिल्या दिवशी पाटी घेऊन हजर झालो असतो.

आमचे आजोबा माळकरी. कार्तिकीला टोळ्या निघून गेलेल्या असत, म्हणून आषाढीची वारी ते कधी चुकवत नसत. पाय मोडला त्या वर्षी ते जाऊ शकले नाहीत, आणि नंतर कितीतरी महिने पंढरपूरकडून एसटी गेली की मान खाली घालायचे. माळ नसलेल्या माणसाला असं कधी होत नाही. कुणाशी नातं पत्करलं की चुकण्याची सोयही त्यातच आली, हे मला फार उशिरा कळलं.

नवव्या दिवशी गुरुजीच आले. ओट्यावर बसून गुळाचा चहा घेतला. टन किती झाले, मुकादमानं किती कापले, असं आण्णांशी बोलत राहिले. मी दाराआड. शेवटी त्यांनीच हाक मारली आणि म्हणाले, "आजीची कार्डं मीच वाचून दाखवली. तुझं अक्षर सुधारलंय."

माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आजीला वाचता कुठं येत होतं? ती प्रत्येक कार्ड घेऊन शाळेतच गेली असणार. म्हणजे स्वतःच्या नावावर शाईची काट मारलेली चार कार्डं गुरुजींच्या हातात आली होती, आणि त्यांनी ती तिला मोठ्यानं वाचून दाखवली होती. त्यांना काय वाटलं असेल? त्यांना विचारायचं राहून गेलं. आता विचारायला ते नाहीत.

पुढं मी त्याच तालुक्यात जिल्हा परिषदेचा मास्तर झालो. दरम्यान बरंच बदललं. कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या, गावात हंगामी वसतिगृहं आली, 2010 पासून शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला. पोरगं जिथं जाईल तिथल्या शाळेत बसावं म्हणून हमी कार्डही निघालं. हे सगळं हवंच होतं, आमच्या वेळी असतं तर मी स्कॉलरशिपला बसलो असतो. पण ही व्यवस्था पोराला मोजते. पोराची वाट बघणं तिच्या कामात येत नाही, ते एखाद्या माणसालाच करावं लागतं. आणि इथं एक कबुली देतो: मी वाट बघायचो त्यात पटाची काळजीही होती. पट घसरला की शिक्षकाचं पद जातं. पोराचा ओढा किती आणि नोकरीची भीती किती, हे माझं मलाच वेगळं करता यायचं नाही.

पाच-सहा वर्षांपूर्वी सहावीतली एक मुलगी आई-बापाबरोबर गेली. घरी धाकटा भाऊ, म्हणजे माझीच गोष्ट. हुशार पोर. मी दर रविवारी तिच्या वडिलांच्या मोबाइलवर फोन करायचो. कुठला धडा वाचलास, गणितं झाली का. चार रविवार झाले, पाचव्याला वडील म्हणाले, "सर, एक सांगू का? राग मानू नका. तुमचा फोन आला की पोरगी दोन दिवस गप होती. धड जेवत न्हाई. आमालाच चोर केल्यागत वाटतंय." मला दहा कार्डं आठवली. मी फोन बंद केला. शहाणपणानं वागलो असं वाटलं.

पाडव्यानंतर ती शाळेत आली तेव्हा पहिला प्रश्न तिचा: "सर, फोन का बंद केला? मला वाटलं माझं नाव काढलं."

म्हणजे केला तरी चुकलं, नाही केला तरी चुकलं. त्या रात्री मला शेतातली पड आठवली. आमच्या काळ्या रानात खरिपाला बहुतेक काही पेरत नाहीत, पावसाळाभर रान मोकळं ठेवतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात मालदांडी पेरतात. बाहेरगावच्या माणसाला वाटतं रान टाकून दिलंय. पण आण्णा प्रत्येक पावसानंतर वाफसा बघून कुळवाची पाळी घालायचे. तण मरतं, ओल धरून राहते. वाफसा यायच्या आत कुळव घातला की ढेकळं निघतात, वाफसा गेल्यावर घातला की माती वाळलेली असते. कधी घालायचा ते आण्णा ठरवत नसत, रानात पाय ठेवून बघत असत. मी मात्र रविवार ठरवला होता. तो माझ्या सुट्टीचा वार होता, तिच्या नाही. फडावर रविवार कुठला?

पुढच्या दिवाळीला ती परत निघाली तेव्हा मी तिलाच विचारलं, "फोन करू का नको? केला तर कधी?" आजवर कुणा पोराला हे विचारलं नव्हतं, गुरुजींनी मलाही नव्हतं. ती बराच वेळ बोटं मोडत उभी राहिली. मग म्हणाली, "मी मिस कॉल देते. तवाच करा. आन् अभ्यासाचं मी काढलं तरच काढायचं."

त्या हंगामात अकरा मिस कॉल आले. कधी तीन आठवडे एकही नाही. ते तीन आठवडे फार जड गेले. फोन हातात घेऊन मी परत ठेवायचो. तिच्या गणिताचं नुकसान झालं का? झालं. तिला वाचता यावं म्हणून दिलेली दोन पुस्तकं ट्रकमध्येच राहिली. तिच्या आई-बापानं तिला पुढच्या हंगामात आजीकडं ठेवलं, पण ते मिस कॉलमुळं असं मी म्हणणार नाही. धाकटा तोवर चालता-बोलता झाला होता.

एक मिस कॉल पहाटे चारला आला होता. मी धडपडत उठून फोन लावला. सापाचं, आगीचं, नको ते सगळं डोक्यात येऊन गेलं.

"काय झालं गं?"

"काय न्हाई सर. ट्रकची वाट बघायलोय. जागी हुते म्हणून दिला."

मागं कुणीतरी खोकत होतं, इंजिनाचा आवाज होता. मी विचारलं, थंडी किती आहे तिकडं.

"लई हाय," ती म्हणाली. "तुमी झोपा आता."