मला ठाऊक नव्हते

माझा भाचा देवासला नोकरीस आहे. त्याने हवा भरून फुगवावयाची एक लहान नाव घेतली. दोन बाजूंना दोन लांबट फुगे, त्यांना जोडणारी धातूची चौकट, मध्ये बैठक आणि दोन वल्ही. एका माणसाची नाव. मासे धरण्याचा त्याला काहीच अनुभव नव्हता. एका सुट्टीत आम्ही दोघे धारकडील एका गावतळ्यावर गेलो.

शिकाऊ माणसाने काय पाळावे हे त्याने आधी नीट वाचले होते. तरंगते जाकीट अंगातून काढावयाचे नाही. उन्हाने आतली हवा प्रसरण पावते, म्हणून फुगे ताठ होईपर्यंत भरावयाचे नाहीत. नाव हलकी असल्याने वारा तिला सहज ढकलतो, म्हणून निघताना वाऱ्याच्या समोर जावे, म्हणजे थकल्यावर तोच वारा काठाला आणतो. हे सर्व त्याने पाळले. पुढे माझ्या ध्यानात आले की, हे सारे नियम स्वतःच्या जिवाची काळजी घेण्याचे होते. दुसऱ्याविषयी त्यांत काहीच नव्हते.

तळ्याच्या मध्यावर त्याचा गळ कशात तरी अडकला. पाहतो तो पाण्यावर प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या तरंगत होत्या व त्यांना दोरी होती. कोणी तरी कचरा टाकला आहे, असे समजून त्याने चाकूने दोऱ्या कापल्या, बाटल्या नावेत गोळा केल्या आणि तळे स्वच्छ केल्याच्या आनंदात तो परतला.

काठावर एक वृद्ध कोळी उभा होता. तो म्हणाला, “भैया, कचरा कधी ओळीत उभा राहतो का?”

त्या बाटल्या त्याच्या जाळ्याच्या होत्या. तळे मच्छीमारांच्या सहकारी समितीने पंचायतीकडून पट्ट्याने घेतले होते. रोहू व कटल्याचे बीजही त्यांनीच पैसे घालून सोडले होते. आम्हांला वाटले होते, तळ्यातले मासे कोणाचेच नसतात!

भाचा ओशाळून म्हणाला, “काका, मला ठाऊक नव्हते.”

“ते खरे आहे,” वृद्ध म्हणाला, “पण जाळे तर गेले.”

प्रिय वाचकहो, ही दोन्ही वाक्ये खरी आहेत. मग अजाणता झालेल्या चुकीचा दोष लागतो की नाही? कोणी म्हणतात, हेतू शुद्ध असला म्हणजे झाले. पवित्र शास्त्र तसे म्हणत नाही. निर्गम २२:६ पाहा. एकाने पेटविलेला विस्तव पसरून दुसऱ्याचे धान्य जळाले, तर पेटविणाऱ्याने भरपाई करावी. त्याचा हेतू काय होता, हे तेथे विचारलेले नाही. लेवीय ५:१७ मध्ये नकळत आज्ञा मोडणाराही दोषी धरला आहे. उलटपक्षी लूक १२:४८ मध्ये प्रभू सांगतो की, न जाणता चुकलेल्या दासाला थोडे फटके मिळतील. अज्ञानाने शिक्षा उणी होते. दुसऱ्याची हानी उणी होत नाही.

ही गोष्ट जाळ्यापुरती नाही. देवास जिल्ह्यात नर्मदेकाठी धाराजी येथे एप्रिल २००५ मध्ये भूतडी अमावस्येच्या मेळ्याला यात्रेकरू जमले होते. वरच्या इंदिरा सागर धरणातून सोडलेले पाणी एकाएकी चढले व अनेक जण वाहून गेले. मेळ्याची वार्ता धरणावर नव्हती, असे नंतर सांगण्यात आले. पण ज्यांची माणसे गेली, त्यांना ह्या उत्तराने काय मिळाले?

मला वाटते, खरा प्रश्न “तुला ठाऊक होते काय?” हा नसून “तू विचारलेस काय?” हा आहे. काठावर माणसे होती. नाव पाण्यात लोटण्यापूर्वी “तळे कोणाचे? जाळी कोठे आहेत?” एवढे विचारण्यास दोन मिनिटे लागली असती. जेथे आपली करमणूक दुसऱ्याच्या भाकरीवरून जाते, तेथे न विचारणे हाच दोष होय.

क्षमेचे काय? वधस्तंभावरून प्रभूने, ते काय करतात हे त्यांना समजत नाही, म्हणून मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली. परंतु ती विनंती ज्याला जखमा झाल्या त्याने केली. मारणाऱ्यांनी ती सबब म्हणून पुढे केली नाही. आणि पेत्राने, जो स्वतः कोळी होता, यरुशलेमेतील लोकांचे अज्ञान मान्य केले व लगेच त्यांना पश्चात्ताप करावयास सांगितले (प्रेषितांची कृत्ये ३:१७-१९).

भाच्याने जाळ्याची किंमत दिली आणि त्या रात्रीच्या मासळीचीही दिली. वृद्धाने पैसे मोजून घेतले आणि मग आम्हांला चहा पाजला. त्याने पैसे नाकारले नाहीत, हे मला बरे वाटले. तो संकोचाने “राहू द्या” म्हणाला असता, तर हानी त्याचीच राहिली असती आणि आम्ही मात्र हलक्या मनाने घरी आलो असतो.

रविवारच्या शाळेतील शिक्षकांना एक विनंती आहे. एखादे मूल “मला ठाऊक नव्हते” म्हणाले, तर त्याला खोटे पाडू नका, आणि “असू दे” म्हणून सोडूनही देऊ नका. त्याला प्रेमाने विचारा, “आता ठाऊक झाले ना? मग तू काय करशील?” हाच प्रश्न आपण मोठ्यांनीही प्रभूसमोर स्वतःला विचारावा.