भरलेले जाळे आणि दुसरी होडी

मननासाठी शास्त्रभाग : लूक ५:१-११



आपणांपैकी अनेकांच्या घरापासून समुद्र फार दूर आहे. नागपूर, इंदूर, जबलपूर, रायपूर, आणि जेथे बसून हे शब्द लिहिले जात आहेत ते भिलाई. या नगरांत राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना लाटांचा नाद ठाऊक असतो तो बहुधा सुट्टीतील प्रवासापुरता. तथापि आपल्या शुभवर्तमानाला मासळीचा वास आहे, ही गोष्ट आपण विसरतो. प्रभू येशूने आपले पहिले शिष्य सरोवराच्या काठी, ओली जाळी धूत बसलेल्या माणसांतून निवडले. ते गनेसरत सरोवर सुमारे २१ किलोमीटर लांब व १३ किलोमीटर रुंद. त्याच्या काठाने कोळ्यांची गावे वसलेली. मरिया ज्या मग्दला गावची, त्या गावाचे ग्रीक नाव तारिखेया असावे असे अभ्यासक मानतात, आणि त्या नावाचा संबंध मासे खारवण्याच्या धंद्याशी आहे. म्हणजे प्रभूच्या अनेक दृष्टांतांचे व कृत्यांचे अंगण कोळीवाड्याचे होते. ते अंगण ज्याने पाहिले नाही, त्याला शुभवर्तमानातील काही वचने अर्धीच कळतात.

असे अंगण पाहण्यासाठी पॅलेस्टाइनला जाण्याची गरज नाही. भाईंदरच्या पश्चिमेस उत्तन आहे, वसईच्या किल्ल्यालगत पाचूबंदर आहे, त्याच्या उत्तरेस अर्नाळा आहे. या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या प्रभूचे नाव घेऊन समुद्रात जाणारी मराठी माणसे राहतात. शरद ऋतूच्या या दिवसांत आपण मनाने त्यांच्या गावी जाऊ या, आणि तेथे उभे राहून लूकचा पाचवा अध्याय वाचू या.

जून आणि जुलै हे दोन महिने मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा तो काळ, समुद्रही खवळलेला. होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या असतात, आणि घरात गेल्या वर्षीच्या सुक्या मासळीवर दिवस निघतात. श्रावणात नारळी पौर्णिमा येते. ख्रिस्ती कोळीवाड्यांत धर्मगुरू होड्यांना आशीर्वाद देतात आणि नवा हंगाम सुरू होतो. ८ सप्टेंबरला पवित्र मरियेचा जन्मदिन साजरा होतो, बांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेला कोळीवाडेच्या कोळीवाडे लोटतात, आणि उत्तर कोकणातील ईस्ट इंडियन ख्रिस्ती गावांत नव्या भाताच्या लोंब्या मंदिरात नेऊन ‘आगेरा’ साजरा होतो. पाऊस ओसरतो. ऑक्टोबरचे ऊन तापू लागते. शेतकऱ्याला जशी सुगी, तसे कोळ्याला हे दिवस.

येथील पुष्कळ होड्या डोल जाळ्याची मासेमारी करतात. डोल म्हणजे पिशवीच्या आकाराचे लांबलचक जाळे. ते समुद्रात रोवलेल्या खांबांना बांधून त्याचे तोंड प्रवाहाकडे ठेवतात. पाणी वाहते, आणि पाण्याबरोबर मासळी आत शिरते. म्हणून कोळ्याचा दिवस घड्याळावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाहाला जोर, तेव्हा जाळ्यालाही भर. पाणी फिरण्याच्या आत जाळे उचलावे लागते, मग ती वेळ मध्यरात्रीची असो वा पहाटेची. होडी किनाऱ्यास लागली की पुरुषांचे काम उतरते आणि स्त्रियांचे चढते. बोंबील, करंदी, मांदेली, जवळा हे सारे निवडायचे, धुवायचे, ताजे ते पाटीत घालून बाजारी न्यायचे, उरलेले वाळत घालायचे. कोळीवाड्याच्या संसाराचा हिशेब स्त्रीच्या कनवटीला असतो, हे तेथील लहान मूलही सांगेल.

आता बोंबील वाळवण्याची रीत पाहा. बोंबील हा अंगी पाणीच पाणी असलेला मऊ मासा; उन्हात दोन-तीन दिवस टांगल्याशिवाय तो टिकत नाही. किनाऱ्यावर बांबू उभारून त्यांमध्ये दोऱ्या ताणलेल्या असतात, आणि त्या दोऱ्यांवर हजारो बोंबील लटकत असतात. ते लटकतात कसे? त्यांना कोणी बांधीत नाही, गळही अडकवीत नाही. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात गुंतवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. एक या बाजूस, दुसरा त्या बाजूस. एकटा बोंबील दोरीवर राहूच शकत नाही. तो घसरतो आणि वाळूत पडतो. दोघे असले की एकाचा भार दुसऱ्याला तोलतो, आणि वाऱ्याच्या झोतातही दोघे टिकतात. प्रभूने आपल्या बारा शिष्यांना गावोगाव पाठविले ते दोघा-दोघांनी, असे मार्क आपल्या सहाव्या अध्यायात लिहितो. ज्याने कोळ्यांना बोलाविले, त्याला कोळ्यांच्या जगण्यातले हे मर्म ठाऊक होते.

आता लूकचा पाचवा अध्याय उघडा. शिमोन पेत्राने रात्रभर श्रम केले आणि हाती काहीच लागले नाही. तरी प्रभूच्या शब्दावर विसंबून त्याने खोल पाण्यात जाळे सोडले. मग इतके मासे लागले की जाळी फाटू लागली. या प्रसंगावर आपण अनेक प्रवचने ऐकली आहेत. आज्ञापालनाविषयी ऐकली, विश्वासाविषयी ऐकली. पण सातव्या वचनाजवळ आपण क्वचितच थांबतो. जाळे भरताच पेत्राने पहिली गोष्ट कोणती केली? त्याने दुसऱ्या होडीतील सोबत्यांना हाताने खुणावून बोलाविले. ते आले, आणि दोन्ही होड्या बुडण्याइतक्या भरल्या.

प्रिय वाचका, येथे क्षणभर थांब. रात्रभर जाळे रिकामे होते, तेव्हा पेत्राने दुसऱ्या होडीला हाक दिल्याचे लूक लिहीत नाही. त्याची हाक लूकने नोंदली ती जाळे भरले तेव्हाची. आपली रीत बहुधा याच्या उलट असते. आजार आला, नोकरी गेली, न्यायालयाची पायरी चढावी लागली, की आपण मंडळीला हाक देतो. प्रार्थनेची विनंती करतो, पाळकसाहेबांना घरी बोलावतो. त्यात वावगे काही नाही. परंतु मुलाला चांगली नोकरी लागली, शेताला भाव मिळाला, निवृत्तीची रक्कम हाती आली, तेव्हा आपण दार लोटून घेतो. दृष्ट लागेल, कोणी मागायला येईल, कोणी हेवा करील, अशी भीती वाटते. उणे असते तेव्हा आपण मंडळीचे. भरलेले असते तेव्हा आपण आपले! पेत्राच्या होडीचे काय झाले असते, जर त्याने तो हात उचलला नसता? जाळे फाटले असते, मासे पाण्यात परत गेले असते. देवाने दिलेले देणे एका होडीच्या मापाचे नव्हतेच. ते दोन होड्यांचे होते, आणि दुसऱ्या होडीला हाक देण्याचे काम पेत्राकडे होते.

येथे मूळ ग्रीक भाषेतील एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. सातव्या वचनात सोबत्यांसाठी एक शब्द आहे, ‘मेतोखोइ’, म्हणजे कामात वाटा असलेले. दहाव्या वचनात याकोब व योहान यांना पेत्राचे भागीदार म्हटले आहे. तेथे शब्द आहे ‘कोइनोनोइ’. याच मुळापासून ‘कोइनोनिया’ हा शब्द येतो, आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात पहिल्या मंडळीच्या सहभागितेसाठी हाच शब्द वापरला आहे. म्हणजे आपण मंदिरात ज्या सहभागितेविषयी बोलतो, तिचे नाते होडीतील भागीदारीशी आहे. त्या भागीदारीत जाळे सामाईक, भार सामाईक, मासळीतला वाटा सामाईक. उपासना संपल्यावर हस्तांदोलन करून आपापल्या घरी जाणे एवढ्यालाच जो सहभागिता समजतो, त्याने त्या शब्दाचे मीठच काढून टाकले.

कोणी म्हणेल, ही समुद्राची गोष्ट आमच्या गावी कशी लागू पडावी? ती लागू पडते, हे भिलाईतच पाहता येते. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. त्या भट्टीचा एक नियम आहे. आत वितळलेल्या लोखंडाचा रस साठत जातो, आणि तो दिवसातून अनेक वेळा भट्टी फोडून बाहेर सोडावाच लागतो. भरलेली भट्टी बंद ठेवली तर ती भट्टीच धोक्यात येते. तेथे रात्रपाळीला उभा असलेला कामगार हे जाणतो. साठलेले सोडण्यासाठीच असते, हा धडा जाळ्यात जसा आहे तसा भट्टीतही आहे.

आणि त्या भट्टीला लोखंडाचा दगड जेथून येतो, त्या दल्ली-राजहरा येथील खाणकामगारांची हकिकत तर आपणांस लाजविणारी आहे. १९७७ साली शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली तेथील कंत्राटी मजूर संघटित झाले. त्या लढ्यात गोळीबार झाला, माणसे गेली. पुढे मजुरी वाढली. वाढलेला पैसा दारूच्या दुकानात जाऊ नये म्हणून त्यांनी दारूविरुद्ध चळवळ उभारली. बाळंतपणात वेळेवर उपचार न मिळाल्याने त्यांच्या संघटनेतील एक कार्यकर्ती भगिनी मरण पावली, तेव्हा त्यांनी आपले रुग्णालय बांधण्याचे ठरविले. स्वतःच्या वर्गणीने व स्वतःच्या श्रमाने त्यांनी ते बांधले, आणि १९८३ मध्ये ‘शहीद रुग्णालय’ सुरू झाले. ते खाणीतल्या मजुरांपुरते ठेवले नाही. आसपासच्या खेड्यांतील शेतकऱ्यांनाही त्याचे दार उघडे होते. नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत हत्या झाली. रुग्णालय मात्र चालू राहिले. त्या मजुरांनी लूकचा पाचवा अध्याय वाचला होता असे नाही. पण त्यांचे जाळे थोडेसे भरले, आणि त्यांनी दुसऱ्या होडीला हाक दिली.

किनाऱ्यावरची माणसे सर्व निर्दोष आहेत असे मात्र समजू नका. मोहाचे जाळे तेथेही पसरलेले आहे. पर्ससीनसारख्या अवाढव्य जाळ्यांनी माशांचे थवेच्या थवे एकदम उचलले जाऊ लागले, लहान मच्छीमाराच्या होड्या रिकाम्या परतू लागल्या, म्हणून २०१६ साली महाराष्ट्र शासनाला त्या जाळ्यांवर निर्बंध घालावे लागले. बारीक आसांच्या जाळ्यांत वाढण्याआधीच पिल्ले मरतात, आणि उद्याची होडी आजच लुटली जाते. दुसऱ्या होडीला न बोलावणे हे एक पाप. दुसरी होडी समुद्रात आहे हेच न मानणे हे त्याहून मोठे पाप. हे पाप खोल पाण्यात घडते तसेच दुकानात, कचेरीत, आणि मंडळीच्या कारभारातही घडते.

शरद ऋतू नेहमीच सौम्य नसतो. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आले, आणि समुद्रात गेलेली कितीतरी माणसे घरी आली नाहीत. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस ‘क्यार’ वादळाने ऐन हंगामात होड्यांना बंदरात परत पिटाळले. अवेळी पाऊस आला की दोऱ्यांवरची मासळी सडते आणि महिन्याची कमाई एका रात्रीत जाते. २ नोव्हेंबरला सर्व मृतांच्या स्मरणदिनी किनाऱ्यावरच्या दफनभूमीत मेणबत्त्या लागतात. पण ज्यांना समुद्राने परत दिलेच नाही, त्यांना कबर नसते. त्यांची मेणबत्ती कोठे लावावी? ती शेजाऱ्यांच्या मनात लागते. विधवेच्या दारी कोण येतो? ज्या घरांनी भरलेल्या दिवसांत एकमेकांना हाक दिली, त्याच घरांचे पाय वादळानंतर एकमेकांच्या दाराकडे वळतात. सुगीत जे नाते विणले नाही, ते संकटात एकाएकी कोठून येणार?

म्हणून प्रिय बंधूभगिनींनो, या शरदात स्वतःला एक प्रश्न विचारा : माझे जाळे आज कशाने भरले आहे? पैशानेच भरलेले असते असे नाही. कोणाकडे निवृत्तीनंतरचा रिकामा वेळ आहे, कोणाकडे विद्या आहे, कोणाच्या घरात एक खोली मोकळी आहे, कोणाच्या अंतःकरणात दुःखातून आलेले शहाणपण आहे. मग दुसरा प्रश्न : माझ्या जवळची दुसरी होडी कोणती? परगावाहून नोकरीसाठी आलेला एकटा तरुण, शिकवणी न परवडणारे शेजारचे मूल, मुले परदेशी गेल्याने मुक्या झालेल्या घरातील वृद्ध दांपत्य. त्यांनी मागावे म्हणून थांबू नका. पेत्राच्या सोबत्यांनी मागितले नव्हते; त्याने खुणावले. आणि तुमची होडी आधी पुरती भरू द्या, मग पाहू, असेही म्हणू नका. भरण्याची वाट पाहत बसणाऱ्याचे जाळे फाटून जाते.

या प्रसंगाचा शेवट ध्यानात ठेवा. आयुष्यातील सर्वांत मोठी मासळी काठावर ठेवून ते प्रभूच्या मागे गेले. ज्याला वाटून देता येते, त्यालाच सोडूनही देता येते. आणि पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या किनारी, योहानाच्या एकविसाव्या अध्यायात, जाळे पुन्हा भरले; एकशे त्रेपन्न मोठे मासे. शिष्यांनी ते मिळून ओढीत काठाला आणले, आणि या वेळी जाळे फाटले नाही.

प्रार्थना : हे प्रभू येशू, सरोवराकाठी कोळ्यांना हाक देणाऱ्या तारका, तू आमची जाळी भरतोस, त्याबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. भरलेल्या दिवसांत आमचा हात शेजाऱ्याला खुणावण्यासाठी वर उठू दे. समुद्रावर गेलेल्यांचे, भट्टीसमोर उभ्या असलेल्यांचे आणि परत न आलेल्यांच्या घरांचे रक्षण कर. एकमेकांत गुंतून आम्हांला वाऱ्यात टिकू दे. आमेन.