चाकाच्या पोटातली कमान

चाकाचा मधला तुंबा आणि बाहेरची धाव यांच्या मधल्या जागेत कमानी (स्प्रिंग) बसवून रस्त्याचा धक्का चाकातच जिरवायचा, ही कल्पना मोटारीच्या जन्मापासून पुन्हा पुन्हा पुढे आली आहे. नेहमीच्या वाहनात कमान आसाच्या वर असते. चाक आणि आस खड्ड्यात आदळतात, आणि वरचा सांगाडा कमानीवर तोलून राहतो. चाकातल्या कमानीत ही हद्द खाली सरकते. आदळते ती फक्त चाकाची बाहेरची कड. तुंबा, आस आणि त्यावरचे सगळे ओझे कमानीच्या वर राहते. कागदावर हा फायदा मोठा आहे, कारण धक्क्यासरशी वरखाली होणारे वजन जितके कमी, तितके चाक जमिनीला धरून चालते. असे असूनही ही चाके रस्त्यावर जवळजवळ दिसत नाहीत.

असे का, हा प्रश्न तपासायला पांढुर्णा आणि सौंसर हा मुलूख सोयीचा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा सातपुड्याच्या कुशीतला, बोलीने वऱ्हाड-नागपूरकडचा, संत्रा आणि कापूस पिकवणारा. पांढुर्ण्याच्या बाजूला बेसाल्टावरची काळी माती आहे. सौंसरकडे जावे तसा खडक बदलतो आणि मँगनीज पोटात घेतलेले फार जुने रूपांतरित खडक लागतात. भूशास्त्रात त्या खडकसमूहाला सौंसरचेच नाव मिळाले आहे. चाकाचा संबंध मात्र काळ्या मातीशी जास्त. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर घातलेली सडक खालून हलत राहते. नागपूर-भोपाळ महामार्गाची गोष्ट वेगळी. खरी कसोटी लागते ती बगीच्यापासून डांबरी सडकेपर्यंतच्या पांधणीवर, जिथे पावसाळ्यात पडलेली चाकोरी दिवाळीनंतर विटेसारखी कडक होते आणि नेमक्या त्याच वेळी आंबिया बहाराचा संत्रा तोडणीला आलेला असतो. नागपुरी संत्र्याची साल सैल असते. कॅरेटमधल्या खालच्या थरातले फळ वरून बरे दिसते, पण आत दबलेले असते आणि दूरच्या बाजारात पोहोचेपर्यंत नासते.

रस्त्याने दिलेला धक्का नाहीसा होत नाही. तो कोणाला तरी सोसावा लागतो. चाकाने सोसला नाही तर आसाने, आसाने नाही तर सांगाड्याने, मग मालाने, हाकणाऱ्याच्या पाठीने, बैलाच्या खांद्याने. उलट दिशेने तो रस्त्यालाही बसतो. अरुंद लोखंडी धावेच्या बैलबंड्या सडकेची खडी फोडतात, ही रस्ते बांधणाऱ्यांची जुनी तक्रार. मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या रस्ते समितीनंतर रस्त्यांसाठी केंद्रीय निधी उभा राहिला, आणि डिसेंबर १९४३ मध्ये देशभरचे मुख्य अभियंते नागपुरातच जमले तेव्हा राष्ट्रीय महामार्गापासून गावरस्त्यापर्यंतची उतरंड ठरली. म्हणजे धक्क्याचा खर्च रस्ता सुधारून सरकारने करायचा, असा कौल मिळाला. तो योग्यच होता. पण उतरंडीच्या तळाशी असलेल्या पांधणीपर्यंत तो पैसा सगळ्यांत शेवटी पोहोचतो, आणि तिथे चाक सुधारण्याचा विचार आजही गैरलागू ठरत नाही.

जुन्या बंडीचे चाक या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. बाभळीच्या लाकडाचा तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर पुठ्ठे आणि सगळ्यांना आवळणारी लोखंडी धाव. धाव चाकापेक्षा किंचित लहान घडवतात, गोवऱ्यांच्या जाळात लाल करतात, सांडशीने उचलून पुठ्ठ्यांवर बसवतात आणि लगेच पाणी ओततात. लोखंड आक्रसते, सांधे करकरत आवळले जातात. एप्रिल-मेमध्ये लाकूड सुकले की धाव सैल पडते आणि चाक पाण्यात भिजत ठेवावे लागते. या रचनेत कमान कुठेच नाही. तरी तिचे एक बलस्थान आहे: चाकाचा आकार. पाच सेंटिमीटर उंचीच्या दगडावर दीड मीटर व्यासाचे चाक चढवायला त्यावरच्या भाराच्या सुमारे ३८ टक्के ओढ लागते. तोच दगड ऑटोरिक्षाच्या चाळीस सेंटिमीटरच्या चाकाला लागला, तर ८८ टक्के. मोठे चाक खड्डा पुष्कळसा झाकून टाकते, आणि लहान चाक त्यात उतरते. चाकात कमान घालण्याआधी चाक मोठे करता येते का, हे म्हणूनच आधी पाहायला हवे. चाकातल्या कमानीच्या कल्पना मांडणारे बहुतेक जण ही पायरी गाळतात.

दुसरी वगळली जाणारी गोष्ट म्हणजे हवेचा टायर. रॉबर्ट विल्यम थॉमसनने १८४५ साली त्याचे पेटंट घेतले, ते विसरले गेले, आणि १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपने ते नव्याने शोधले. टायर म्हणजे चाकात बसवलेली कमानच आहे, फक्त ती पोलादाची नसून दाबलेल्या हवेची आहे. हवा गंजत नाही, थकत नाही, चाकाच्या सगळ्या घेरात सारखी पसरते, आणि दगडाच्या टोकाशी नेमकी तेवढीच दबते. पोलादी कमानीच्या चाकात बाहेरची कड ताठ असते. दगड लागला की पूर्ण कड उचलली जाते. पहिल्या महायुद्धात नाकेबंदीमुळे जर्मनीत रबर मिळेनासे झाले तेव्हा सायकलींना पोलादी कमानींची चाके लावावी लागली. रबर परत आले आणि ती चाके गेली. टायरला मात देण्याजोगी एकच दुबळी जागा आहे, ती म्हणजे पंक्चर. बाभळीच्या काट्यांच्या मुलखात ही बाब छोटी नाही.

टायर हीच एकमेव कमान असलेले वाहन या भागात रोज दिसते: ट्रॅक्टर. त्याच्या मागच्या आसाला सहसा कमान नसते. मोठ्या, कमी दाबाच्या टायरांवर सगळा भार असतो. मोटारीच्या टायरात तीसेक पौंड हवा भरतात, ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात साधारण त्याच्या निम्मी. शेतात ते ठीक चालते. सडकेवर वेग वाढला की ट्रॅक्टर उड्या घेऊ लागतो आणि चालकाला सीटखालच्या स्प्रिंगच्या भरवशावर राहावे लागते. कारण कमान धक्का घेते, पण घेतलेला धक्का परतही करते. तो विझवायला घर्षण लागते, आणि रबराच्या अंगात ते थोडेच असते. नुसती मऊ चाके लावून भागत नाही, हे यावरून उघड होते.

आता कमानीच्या चाकाच्या अंतरंगाकडे. भार पडला की तुंबा कडेच्या मध्यापासून थोडा खाली बसतो. समजा, दोन सेंटिमीटर. मग चाक फिरताना प्रत्येक कमान वर असताना ताणली जाते आणि खाली आली की दबते. रस्ता आरशासारखा असला तरी हे प्रत्येक फेरीत घडते. कमानी ताणताना आणि दबताना सारख्याच वागत असतील, तर समान कोनात बसवलेल्या तीन कमानींवरही तुंबा एकाच उंचीवर राहतो. त्या फक्त दबणाऱ्या असतील आणि वर गेल्यावर ढिल्या पडत असतील, तर तुंबा प्रत्येक फेरीत हेलकावतो आणि सपाट सडकेवरही गाडी हिसके देते. म्हणून कमानी आधीच पुरेशा आवळून बसवाव्या लागतात.

दोन सेंटिमीटरच्या बसण्याने काय साधते, हेही मोजता येते. कमान भाराखाली जितकी बसते त्यावर गाडीच्या हेलकाव्याची गती ठरते. दोन सेंटिमीटरला सेकंदात सुमारे साडेतीन हेलकावे होतात. अंगाला सुसह्य वाटतो तो एक-दीड हेलकाव्याचा झोका, आणि त्यासाठी कमान अकरा ते पंचवीस सेंटिमीटर बसायला हवी. चाकाच्या पोटात एवढी जागा काढायची म्हणजे चाक बंडीच्या चाकाएवढे करावे लागेल. तात्पर्य, चाकातली कमान खडीची खडखड आणि बारीक हिसके घेऊ शकते, मोठ्या खड्ड्यासाठी आसावरची कमान लागतेच. ‘सस्पेन्शनची गरजच नाही’ असा दावा करणाऱ्या चाकांकडे या आकड्यांवरून पाहावे.

सर्वांत अवघड प्रश्न थकव्याचा. साठ सेंटिमीटर व्यासाचे चाक किलोमीटरमागे सुमारे ५३० फेऱ्या घेते, म्हणजे एक लाख किलोमीटरमध्ये पाच कोटींहून जास्त. प्रत्येक कमान तितक्या वेळा वाकते. पोलाद ठरावीक ताणाच्या खाली राहिले तर हे सोसते, पण गंजाचा एक ठिपका किंवा खडीचा एक ओरखडा ती मर्यादा खाली आणतो. ३ जून १९९८ रोजी जर्मनीतल्या एशेडे गावाजवळ भरधाव आयसीई आगगाडीला अपघात होऊन १०१ माणसे दगावली. गाडीच्या चाकावर पोलादी कडेखाली रबराचा थर होता. भोजनाच्या डब्यातली घरघर कमी व्हावी म्हणून तशी चाके आणली होती. रबरामुळे कड प्रत्येक फेरीत किंचित लवत राहिली, आतून चीर वाढत गेली, आणि बाहेरून ती दिसण्याची सोय नव्हती. ट्रामसारख्या संथ गाड्यांना अशीच रबर घातलेली चाके चांगली सेवा देत आली होती. चूक कल्पनेत नव्हती, ती दुसऱ्या वेगाला नेऊन लावण्यात होती.

वेग आणि फेऱ्या कमी तिथे हे चाक जमते. १९७१ साली अपोलो १५ ने चंद्रावर नेलेल्या गाडीला हवेचे टायर नव्हते. जस्त चढवलेल्या पोलादी तारांची विणलेली जाळी हेच तिचे चाक आणि हीच तिची कमान. नंतरच्या अपोलो १७ ची गाडी एकूण सुमारे ३६ किलोमीटर चालली, म्हणजे तिच्या चाकांना साधारण चौदा हजार फेऱ्या पडल्या. पृथ्वीवर ब्रिटनमध्ये ‘लूपव्हील’ नावाची चाके निघाली आहेत, ज्यांत आऱ्यांऐवजी कार्बनच्या तीन वळलेल्या कमानी असतात. ती मुख्यतः व्हीलचेअरसाठी आहेत. मिशेलिनसारख्या कंपन्यांनी मोटारींसाठी बिनहवेची चाके दाखवली आहेत, पण वेगाबरोबर वाढणारी उष्णता हा त्यांचा जुना शत्रू आहे.

या हिशेबात पांढुर्णा-सौंसरकडची बंडी कमी वेगाच्या, कमी फेऱ्यांच्या गाड्यांत बसते. दिवसाला आठ किलोमीटर आणि वर्षात दोनशे दिवस धरले, तर दीड मीटरच्या चाकाला दहा वर्षांत सुमारे ३४ लाख फेऱ्या पडतात. साठ सेंटिमीटरच्या चाकाच्या पाच कोटींपुढे हे काहीच नाही. शिवाय बंडीचे चाक ओढले जाते, इंजिनाने फिरवले जात नाही. मोटारीत कमानींना भाराबरोबर इंजिनाचा पीळ आणि ब्रेकचा झटकाही पेलावा लागतो; बंडीत, हातगाडीत, बगीच्यातल्या कॅरेट वाहणाऱ्या ढकलगाडीत यातले काही नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीलाही बहुधा इंजिनाचा पीळ नसतो, मात्र भार आणि वेग दोन्ही वाढतात, म्हणून ती दुसऱ्या टप्प्याची बाब. बैलगाडीवर अभियांत्रिकीची नजर अधूनमधून जाते: इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी जुवाजवळ आधाराचे चाक लावून बैलांच्या मानेवरचे ओझे हलके करणारी ‘सारथी’ ही जोड २०२२ मध्ये पुढे आणली. तिचा रोख स्थिर ओझ्यावर आहे; खांदेसुजीला कारण होणारे हिसके कमी करणे हे काम चाकाचेच.

बंडीसाठी असे चाक करायचे सामान गावातच मिळते. ट्रकच्या मोडलेल्या कमानींचे पट्टे भंगारात येतात आणि लोहार त्यांचे विळे-कोयते करतात. हे बहुधा सिलिकॉन-मँगनीजचे पोलाद असते, आणि मँगनीजच्या खाणी सौंसरच्या आसपासच आहेत, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. पट्ट्यांचा गुण असा की दोन-तीन पट्टे एकावर एक ठेवले की ते एकमेकांवर घासतात, आणि धक्का विझवायला हवे ते घर्षण फुकट मिळते. गुंडाळीच्या स्प्रिंगमध्ये ते नसते. पण जुना पट्टा आधीच थकलेला असतो. तो तापवून, नवा बाक देऊन, तेलात विझवून, मग पुन्हा हलक्या आचेवर उतरवावा लागतो. विळ्याला पाणी देणारा हात यात कामाला येतो, जरी कमानीसाठी आच वेगळी लागते. पट्टे आडवे झुकू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना पत्र्याच्या चकत्या द्याव्या लागतील, कारण पांधणीच्या चाकोरीत अर्धा वेळ भार तिरपाच पडतो. कडेवर जुन्या टायरचा पट्टा चढवला की सडकेचीही खडी वाचते.

उरतो चिखल. काळी माती पट्ट्यांच्या मधल्या फटींत घुसली आणि वाळली, तर कमान मुकी होते आणि चाक पूर्वीच्या लाकडी चाकाइतकेच ताठ, वर त्याहून जड बनते. जुन्या ट्यूबचे रबर चकत्यांच्या कडेने ताणून बसवले तर चिखल बराचसा अडतो, पण मग आतले पट्टे नजरेआड होतात. म्हणून ते कव्हर हंगामाला एकदा सहज उतरेल असे बांधावे: पोळ्याच्या आधी बंडी धुवायला काढतात तेव्हा पट्टे पुसून, चिरा पाहून, ग्रीस लावून परत झाकता येतात. चाकाची पहिली चाचणी मात्र जुलै-ऑगस्टमध्ये, ओल्या काळ्या मातीतच घ्यायला हवी. मार्चमध्ये मृग बहाराचा संत्रा वाहताना कोरड्या पांधणीवर ते चालले, तर त्यावरून फार तर पट्ट्यांची ताकद कळेल.