त्यांना विचारले का?



जुलै महिन्याचा चौथा रविवार ख्रिस्तसभा आजी-आजोबा आणि वृद्धांचा जागतिक दिन म्हणून पाळते. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली हा दिवस सुरू केला. प्रभू येशूचे आजी-आजोबा संत योआकिम आणि संत अॅन्ना यांचा सण २६ जुलैला येतो, म्हणून त्याच्या जवळचा हा रविवार निवडला गेला. आपल्या धर्मग्रामातही या दिवशी मिस्सानंतर ज्येष्ठांना गुलाबाचे फूल दिले जाते, चहा-नाश्ता होतो, फोटो काढले जातात. हे सगळे चांगलेच आहे आणि यंदाही होईल. पण फूल हातात देण्याआधी आपण स्वतःला एक प्रश्न विचारावा असे आम्हाला वाटते. सुरुवात आमच्यापासूनच करतो.

काही महिन्यांपूर्वी पहिल्या शुक्रवारी आम्ही नेहमीप्रमाणे आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी वाड्यांवर फिरत होतो. एका घरी ऐंशी ओलांडलेल्या आजी खिडकीजवळच्या खाटेवर बसल्या होत्या. आम्ही उभ्या उभ्याच त्यांच्या सुनेला विचारू लागलो, “कशी आहे तब्येत? जेवतात का? झोप लागते का?” सूनबाई उत्तरे देत होत्या. तेवढ्यात आजी शांतपणे म्हणाल्या, “फादर, मी इथेच आहे. मला विचारा ना.”

आम्ही हसलो, ओशाळलो आणि खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसलो. विचारल्यावर कळले की, त्यांची कंबर दुखते हे खरे, पण त्यांचे मुख्य दुःख ते नव्हतेच. त्यांनी अनेक वर्षे धर्मशिक्षण दिले होते. गुडघे गेले, चर्चला येणे थांबले आणि त्यानंतर त्यांच्याकडे कोणी काही मागितलेच नाही. त्या म्हणाल्या, “शेजारच्या पोरांना प्रार्थना नीट येत नाहीत. मी शिकवू का?” आज त्यांच्या ओटीवर तीन मुले पहिल्या कम्युनियनची तयारी करीत आहेत. हे सर्व त्यांच्या परवानगीनेच आम्ही येथे लिहीत आहोत.

वयावरून माणसाची किंमत ठरवण्याच्या वृत्तीला अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६९ साली ‘एजिझम’ हे नाव दिले. मराठीत आपण त्याला वयभेद म्हणू. जातिभेद, वर्णभेद आपण ओळखतो, कारण ते तिरस्काराच्या रूपात येतात. वयभेद मात्र पुष्कळदा प्रेमाचा झगा घालून येतो. “आई, तू आता आराम कर.” “बाबा, तुम्ही यात पडू नका.” जमिनीचा व्यवहार, नातवाचे लग्न, घराची दुरुस्ती हे सारे ठरते आणि मग त्यांना सांगितले जाते. औषध वेळेवर मिळते, जेवण वेळेवर मिळते. फक्त मत कोणी विचारीत नाही.

आम्ही स्वतः अजून पन्नाशीला पोहोचलेलो नाही. तरी मिस्साग्रंथ वाचायला चष्मा लागू लागला आहे आणि युवक मंडळाच्या बैठकीत एकदा “फादर, हे तुम्हाला नाही कळणार,” हेही ऐकून झाले आहे! त्या दिवशी थोडे टोचले, तेव्हा उमजले की ही पायरी सर्वांनाच चढायची आहे. आज जो दुसऱ्याला बाजूला सारतो, तो स्वतःची उद्याची जागा ठरवत असतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अॅरिस्टॉटलने केलेले वृद्धांचे वर्णन आम्ही वाचले होते. त्याच्या मते वृद्ध माणसे संशयी, भित्री, हात आखडून खर्च करणारी आणि आठवणींत रमणारी असतात. मनाची ऐन बहार त्याने एकोणपन्नासाव्या वर्षाच्या आसपास मानली होती. आम्हाला ती तेव्हा फार दूर वाटली होती, आता वाटत नाही! पण त्याचा गुरू प्लेटो याच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथाची सुरुवात निराळी आहे. तेथे सॉक्रेटिस केफालस नावाच्या वृद्धाला भेटतो आणि त्याला वाट विचारतो. ज्या रस्त्याने आपल्यालाही जावे लागणार आहे, तो सोपा आहे की खडतर, हे पुढे गेलेल्या वाटसरूकडूनच समजून घ्यावे असे त्याला वाटते. अॅरिस्टॉटल त्या ठिकाणी वृद्धांविषयी बोलला, सॉक्रेटिस वृद्धाशी बोलला. आपल्या घरात यांपैकी काय घडते?

संत लूकच्या शुभवर्तमानातील हन्नाची आपल्याला आठवण आहे. चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा, मंदिर न सोडणारी, उपास आणि प्रार्थना करणारी. आपण तिचे चित्र तेथेच थांबवतो, कारण वृद्ध स्त्रीच्या हाती जपमाळ शोभते असे आपल्याला वाटते. पण शुभवर्तमान तेथे थांबत नाही. बाळ येशूला पाहताच तिने देवाचे आभार मानले आणि यरुशलेमच्या मुक्तीची वाट पाहणाऱ्या सर्वांना ती त्या बाळाविषयी सांगू लागली. ती बोलली आणि लोकांना तिच्याकडून तारणाऱ्याची वार्ता मिळाली. फारोपुढे उभा राहिला तेव्हा मोशे ऐंशी वर्षांचा होता आणि अहरोन त्र्याऐंशी. देवाने वयाचा दाखला मागितला नाही.

आम्ही मात्र मागितला. दोन वर्षांपूर्वी रविवारच्या मिस्सासाठी वाचकांची नवी यादी तयार झाली, तेव्हा पासष्ट वर्षांवरील कोणाला घ्यायचे नाही असे ठरले. आवाज बारीक येतो, वेदीच्या पायऱ्या चढताना वेळ जातो, तरुणांना संधी मिळायला हवी, अशी कारणे होती. कोणाच्याही मनात वाईट नव्हते. यादीवर सही आमची होती. अनेक वर्षे वाचन करणारे एक निवृत्त शिक्षक पुढच्या रविवारी मागच्या बाकावर जाऊन बसले. ते काही बोलले नाहीत आणि आम्हीही विचारले नाही. विचारले असते तर मोठ्या अक्षरांतील वाचन आणि पायऱ्यांजवळ एक कठडा एवढ्यानेच काम भागले असते. कदाचित त्यांनी स्वतःच एखाद्या तरुणाला तयार करून जागा दिली असती. आम्ही त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली आहे. पाळकीय समितीशी बोलून ती वयाची अट आता काढून टाकली आहे. ज्याला वाचता येते, तो वाचील.

कोणी म्हणेल, “फादर, आमच्या बाबांना तर आता नावेही आठवत नाहीत. त्यांना काय विचारणार?” अशा घरातील थकवा आम्ही पाहिला आहे. रात्र-रात्र जागणाऱ्या सुना आणि मुलगे आम्हाला ठाऊक आहेत. त्यांच्यावर दोष ठेवण्यासाठी हे लिहिलेले नाही. पण बेनसिराच्या पुस्तकात नेमके याच प्रसंगाविषयी सांगितले आहे. वडिलांची बुद्धी मंद झाली तरी सांभाळून घ्यावे, आपल्या अंगात बळ आहे म्हणून त्यांचा अवमान करू नये, असा त्याचा आशय आहे. संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी प्रभू पेत्राला सांगतो की, म्हातारपणी दुसरा कोणी तुझी कंबर बांधील आणि तुला नको तेथे नेईल. ते पेत्राच्या मरणाविषयीचे शब्द होते. पण त्यानंतर लगेच प्रभू त्याला आपल्यामागे येण्यास सांगतो. म्हणजे दुसऱ्याच्या हातात गेलेल्या माणसालाही पाचारण आहे. नावे विसरलेल्या आजोबांनाही “हा सदरा घालू की तो?” असे विचारता येते. त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी बोलणे टाळता येते.

आता ज्येष्ठांशी दोन शब्द. “आमचे आता काय राहिले?” हे वाक्य तुम्ही स्वतःच किती वेळा म्हणता! हाही वयभेदच, फक्त स्वतःवर लादलेला. अमेरिकेतील संशोधिका बेका लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली पन्नाशी ओलांडलेल्या ६६० माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात स्वतःच्या वाढत्या वयाकडे चांगल्या दृष्टीने पाहणारी माणसे इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे अधिक जगलेली आढळली. आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ प्रसिद्ध झाले तेव्हा ते सदुसष्टीच्या घरात होते आणि २०२० साली उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी सत्त्याहत्तराव्या वर्षी भूषवले. सर्वांना ग्रंथ लिहिता येणार नाहीत. पण कोणते बावखल कोठे होते, पावसाचे पाणी कोणत्या वाटेने जात असे, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक आहे? जुलै २०१८मध्ये वसई-विरारमध्ये पाणी भरले, तेव्हा त्या ज्ञानाची किंमत आपल्याला कळायला हवी होती. मात्र एक विनंती आहे. विचारले तर सांगा, पण “आमच्या वेळी असे नव्हते” एवढ्यावर थांबू नका. तरुणांनाही विचारा. त्यांचेही ऐका.

म्हणून या आठवड्यात प्रत्येक घराने एक साधी गोष्ट करावी. घरातील किंवा शेजारच्या एका वृद्ध व्यक्तीजवळ बसावे, मोबाईल बाजूला ठेवावा आणि एखाद्या खऱ्या अडचणीत तिचा सल्ला विचारावा. उत्तर पटलेच पाहिजे असे नाही, पण प्रश्न मनापासून असावा. आजाऱ्यांच्या भेटीला येणाऱ्या बंधुभगिनींनी आधी आजाऱ्याशी बोलावे, मग घरच्यांशी. आणि आम्ही कधी पुन्हा कोणाच्या डोक्यावरून बोलू लागलो, तर त्या आजींसारखे आम्हालाही थांबवा.

हे प्रभो, शक्ती सरते त्या दिवसांत आम्हाला टाकू नकोस, अशी प्रार्थना स्तोत्रकर्त्याने तुझ्याकडे केली. आमच्यातील कोणालाही आम्ही टाकून देऊ नये, म्हणून आम्हाला थांबण्याची, बसण्याची आणि विचारण्याची कृपा दे. आमेन.

ख्रिस्तात तुमचे,
धर्मगुरू