चूक कोणाची?

ऑगस्ट २०२१. यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत एक तरुण वेल्डर स्वतः बनवलेल्या ‘मुन्ना हेलिकॉप्टर’ची चाचणी घेत होता. मागचा पंखा तुटून मुख्य पंख्यावर आदळला, डोक्याला मार बसला आणि तो गेला. ‘आठवीतून शाळा सोडलेली, दुसरं काय होणार?’ असं म्हणून आपण मोकळे होतो.

पण दुसऱ्या महायुद्धात प्रशिक्षित वैमानिकही बी-१७ विमान उतरवल्यावर फ्लॅप्सऐवजी चाकंच आत घेत. दोन्ही स्विच शेजारी आणि सारखेच होते. अल्फॉन्स चापानिस यांनी मुठींचे आकार बदलायला लावले. माणूस चुकणार हे त्यांनी धरूनच चाललं.

शिवडीत बसून मी लिहिलेला कोड कोसळला तर रीस्टार्ट होतो. त्या वेल्डरकडे चाचणीसाठी स्वतःचाच जीव होता. जिद्दीचं कौतुक करणाऱ्या समाजाने सुरक्षित चाचणीची जागाही द्यायला नको का?